जुन्या ४८६ साठी उलटी न बसणारी पॉवर केबल घरी कशी बनवायची

माळ्यावर पडलेला ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातला पीसी, सुरू होत नसेल तर लगेच मदरबोर्ड गेला असं धरू नका. बऱ्याचदा एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, गेलेला असतो, त्यात आमच्या ठाण्यात खाडीची दमट हवा, पावसाळ्यात कनेक्टर काळे पडतात. ४८६ ला लागणारा जुन्या पद्धतीचा एटी एसएमपीएस आता सहज मिळत नाही, म्हणून नव्या पद्धतीचा एटीएक्स घेऊन मधे कन्व्हर्टर केबल टाकायची.

पण आधी धोका समजून घ्या. एटी बोर्डावर १२ पिनांची एकच सरळ ओळ असते आणि त्यात ६-६ पिनांचे दोन वेगळे कनेक्टर बसतात, पी८ आणि पी९, आणि दोघं एकमेकांच्या जागीही आरामात बसतात. अदलाबदल झाली की ग्राउंडच्या पिनांवर +५ व्होल्ट जातात आणि +५ च्या पिनांवर ग्राउंड, म्हणजे बोर्डावरच्या सगळ्या चिप्सना उलटा सप्लाय. माझा एक २८६ चा, म्हणजे ४८६ हूनही जुन्या पीसीचा, बोर्ड असाच सेकंदभरात गेला, ते अजून मनाला लागतं. ग्राउंडच्या काळ्या वायरी मधे एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत हा जुना नियम बरोबरच आहे, पण रात्री अकरा वाजता टेबलाखाली वाकलेल्या माणसाच्या लक्षात राहील यावर मी बोर्ड सोडणार नाही. चूक करताच येऊ नये अशी केबल बनवायची.

सामान: २० पिनांची एटीएक्स एक्स्टेन्शन केबल, मेलेल्या एटी एसएमपीएसचे वायरींसकट पी८-पी९, दाबल्यावर तसाच राहणारा छोटा स्विच, हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), सोल्डर, मल्टीमीटर. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बहुतेक सगळं मिळतं, कनेक्टर मात्र भंगारवाल्याकडे बघा. एसएमपीएस उघडायचा नाही, आतले कपॅसिटर बंद केल्यावरही झटका देतात.

एक्स्टेन्शनचं एसएमपीएसच्या प्लगमधे बसणारं टोक ठेवा, दुसरं कापा. आता रंगांवर विसंबू नका, पिन नंबर मोजा, कारण एटीमधे ऑरेंज म्हणजे पॉवर गुड (सप्लाय ठीक आहे हे बोर्डाला सांगणारा सिग्नल) आणि एटीएक्समधे ऑरेंज म्हणजे ३.३ व्होल्ट, ऑरेंजला ऑरेंज जोडलं की चुकलंच. पी८ चा क्रम असा: पॉवर गुड, +५, +१२, −१२, ग्राउंड, ग्राउंड. पी९: ग्राउंड, ग्राउंड, −५, आणि मग तीन +५. एटीएक्सच्या पिन ८ वरची ग्रे वायर पॉवर गुडला, पिन १० ची पिवळी +१२ ला, पिन १२ ची निळी −१२ ला. ४, ६, १९, २० या चार लाल वायरी बरोबर चार +५ ला पुरतात. ग्राउंडला चार काळ्या. नव्या एसएमपीएसमधे −५ नसतोच, ती जागा रिकामी सोडा, ४८६ ला सहसा लागत नाही, बोर्डाच्या स्लॉटमधे बसणाऱ्या काही जुन्या आयएसए कार्डांना लागतो. पिन १४ ची हिरवी आणि एक काळी नव्या स्विचला, या दोन जोडल्या की एटीएक्स चालू होतो. पीसीचा जुना स्विच वापरू नका, त्यावर २३० व्होल्ट खेळायचे. उरलेल्या प्रत्येक वायरीवर वेगळं हीटश्रिंक.

आता मुख्य काम. भंगारातल्या एखाद्या मेलेल्या एटी बोर्डावर दोन्ही कनेक्टर काळ्याला काळी लावून बसवा, म्हणजे अंतर अचूक येतं, आणि वरून प्लास्टिकची पट्टी अ‍ॅराल्डाइटने चिकटवून दोघांचा एकच १२ पिनांचा कनेक्टर करून टाका, गोंद पिनांत जाऊ देऊ नका, रात्रभर तसंच ठेवा, मग केबल टाय. अदलाबदल संपली. राहिलं उलटं फिरवून बसवणं, ते कनेक्टरच्या एका बाजूचे प्लास्टिकचे दात अडवतात, तिरका धरून दात बोर्डावरच्या पट्टीत अडकवायचे आणि मग सरळ दाबायचा. घट्ट जातो म्हणून काही लोक हे दात कापतात. कृपा करून कापू नका.

बोर्डाला लावण्याआधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणारं सेटिंग) ठेवून एकेक पिन तपासा, शेजारच्या दोन वेगळ्या लाइनींमधे बीप येता कामा नये. मग लोड म्हणून एक जुनी हार्डडिस्क लावून एसएमपीएस चालू करा आणि मोजा: +५ हा ४.७५ ते ५.२५ मधे, +१२ हा ११.४ ते १२.६ मधे, −१२ हा −१०.८ ते −१३.२ मधे. पॉवर गुडवर साधारण ५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

शेवटी प्लग भिंतीतून काढून त्याच मेलेल्या बोर्डावर केबल मुद्दाम उलटी बसवून बघा, जोर न लावता. बसली तर कनेक्टरचे दात शाबूत आहेत का ते बघा, नाही बसली तर ४८६ ला लावा.