प्राचीन यहुद्यांवरची मुलांची पुस्तकं घेण्याआधी

पुस्तक हातात आलं की आधी पिरॅमिड शोधा. मिसरमधल्या गुलामगिरीचं पान उघडायचं. तिथे चाबकाचे फटके खात पिरॅमिडचे दगड ओढणारे हिब्रू लोक दिसले, तर पुस्तक खुशाल परत फळीवर ठेवा. गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या आसपासचा. हिब्रू लोकांना त्या गुलामगिरीतून बाहेर काढणाऱ्या मोशेची गोष्ट कुठल्याही काळात बसवायचा प्रयत्न केला तरी ती त्यानंतर हजारेक वर्षांनीच येते. शिवाय बायबलमधल्या मूळ कथेत पिरॅमिडचं नावही नाही. तिथे आहेत मातीच्या विटा, त्यांत मिसळायचा पेंढा आणि पिथोम व रामसेस ही कोठारांची शहरं. चित्रकाराने मजकूर वाचून चित्र काढलंय की सिनेमा बघून, ते या एका पानावर कळतं.

मग शलमोन राजाने यरुशलेमला बांधलेल्या मंदिराचं चित्र बघा. भिंतीवर किंवा झेंड्यावर सहा टोकांची चांदणी असेल तर ती तिथे चुकून आलेली आहे. यहुदी समाजाची खूण म्हणून ती रूढ झाली ती मध्ययुगात आणि त्यानंतर. मंदिराची खरी खूण म्हणजे सात फांद्यांची समई, मेनोरा. शलमोनाच्या मंदिराच्या जागी पुढे उभं राहिलेलं दुसरं मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं, त्या लुटीत ती होती, आणि रोममधल्या टायटसच्या कमानीवर ती खांद्यावरून वाहून नेणारी माणसं आजही कोरलेली दिसतात. फांद्या मोजायला आळस करू नका. आमच्या छोट्या वाचनालयासाठी मी एकदा चकचकीत संच मागवला, न चाळताच. सातवीतल्या एका मुलीने बोट ठेवून मोजलं आणि विचारलं, "काका, पुढच्या पानावर सात लिहिलंय, मग चित्रात नऊ का?" नऊ दिव्यांची असते ती हनुक्काची, आणि तो सण ज्या विजयाचा तो इ.स.पू. १६४ चा, शलमोनानंतर कितीतरी शतकांनी. तेव्हापासून मी आधी मोजतो, मग पैसे देतो.

अक्षरांचं पान असेल तर अक्षरं बावीस आहेत ना आणि 'आलेफ' उजव्या टोकाला आहे ना, एवढं बघा. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. छापताना ओळ उलटी लागलेली पुस्तकं माझ्या हातून गेली आहेत.

आता मुख्य गोष्ट, आणि इथे दुकानदार चुळबुळला तरी दहा मिनिटं घ्याच. पुस्तक 'असं सांगतात' आणि 'हे सापडलं' यांत फरक करतं का? यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम आणि मोशे कथेतून आले आहेत; त्यांच्या नावाचा त्या काळचा शिलालेख नाही. 'इस्रायल' हे नाव दगडावर दिसतं ते मर्नेप्ताह या फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या सुमारास. दावीद राजाच्या घराण्याचा उल्लेख असलेला दगड इस्रायलमधल्या तेल दान इथे १९९३ मध्ये मिळाला. चांगलं पुस्तक हे मुलांपासून लपवत नाही, आणि त्यामुळे गोष्टीची गोडीही कमी होत नाही. उलट मला सगळ्यात आवडतं ते हिज्कीया राजाच्या भुयाराचं पान. अश्शूरची (असिरियाची) फौज येणार म्हणून यरुशलेमच्या पोटातून सुमारे ५३३ मीटर लांब पाण्याचा बोगदा खणला. कामगारांच्या दोन टोळ्या दोन बाजूंनी खणत आल्या, मधल्या खडकापलीकडून एकमेकांचे आवाज ऐकू आले, मग कुदळीवर कुदळ पडली आणि पाणी वाहिलं. हे सगळं त्यांनी तिथेच भिंतीवर कोरून ठेवलं, आणि १८८० मध्ये पाण्यात उतरलेल्या एका शाळकरी मुलाला ते दिसलं. हे पान ज्या पुस्तकात आहे, त्याला बाकीचे चार गुन्हे माफ.

शेवटची दोन पानं उघडून इतिहास कुठे थांबतो तेही पाहा. मंदिर पडलं आणि यहुदी संपले, किंवा थेट येशूच्या जन्मावर उडी, असं असेल तर ते दुसऱ्या विषयाचं पुस्तक आहे. वाईट नाही, पण या खणात ते नको. 'जुना करार' हे ख्रिस्ती नाव. यहुदी त्याच ग्रंथांना तनाख म्हणतात आणि त्यांचा क्रमही वेगळा लावतात. मराठीत माझ्या हाती लागली ती बहुतेक बायबलच्या गोष्टींचीच पुस्तकं, त्यामुळे नावांची एक चिठ्ठी आतल्या कव्हरला चिकटवून टाका: मोशे म्हणजेच मोझेस, दावीद म्हणजे डेव्हिड, शलमोन म्हणजे सॉलोमन. नाहीतर मुलं दोन वेगळे राजे समजतात.

वयाचं म्हणाल तर इसहाकाच्या बलिदानाचा प्रसंग आणि यरीहोची लढाई आधी स्वतः वाचा. पाच वर्षांच्या मुलाला झोपताना वाचून दाखवायची ती पानं नव्हेत. दबोरा, रूथ, एस्तेर या स्त्रियांना नावापुरती एकेक ओळ मिळाली असेल तर मी दुसरं पुस्तक शोधतो.

आणि शेजारी एक कोरी वही ठेवा, कारण कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, या पुस्तकांत क्वचितच असतात. अलिबागजवळ नवगावला फुटलेलं गलबत, वाचलेले सात पुरुष आणि सात बायका ही त्यांची परंपरेने चालत आलेली कथा. शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं 'शनिवार तेली' हे नाव. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावं. पुण्यात १८७४ साली छापलेल्या हिब्रू-मराठी हगादात, म्हणजे वल्हांडणाच्या (मिसरमधून सुटकेच्या सणाच्या) रात्री वाचायच्या पोथीत, बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसून बसल्या आहेत. त्या चित्राची प्रत मिळाली तर वहीच्या पहिल्या पानावर लावा.