वेग, अंतर, वेळ: माझे मार्क कुठं गेले ते सांगतो

पोलीस भरतीची तयारी सुरू केली तेव्हा वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, त्यात काय एवढं, असं म्हणून मी हे प्रकरण चक्क सोडूनच दिलेलं. पहिल्याच सराव पेपरला याचे 4 प्रश्न आले नि 3 चुकले. सूत्र पाठ होतं हो! घोळ सगळा एककांचा.

डेक्कन क्वीनच घ्या. पुणे ते सीएसएमटी 192 किमी, सकाळी 7:15 ला निघून 10:25 ला पोचते, म्हणजे 3 तास 10 मिनिटं. मी काय करायचो, सरळ 3.10 ने भागायचो, उत्तर 61.9 यायचं आणि गंमत म्हणजे असं चुकीचं उत्तर पर्यायात हमखास दिलेलं असतं, पेपर काढणारा आपल्या पुढचा. अहो 10 मिनिटं म्हणजे तासाचा सहावा भाग. सरळ 190 मिनिटं धरा, 192 ला 190 ने भागा, 60 ने गुणा, ताशी 60.6 किमी.

ताशी किमीचे मीटर प्रति सेकंद करायला 5/18 ने गुणतात, त्याचं पण तेच. 1000 मीटर भागिले 3600 सेकंद, तिथूनच ते येतं. मी उलटसुलट लावायचो, मग एक खूण धरली की ताशी किमीचा आकडा मोठा नि मीटर प्रति सेकंदाचा लहान, 72 चे 20. आगगाडी प्लॅटफॉर्म ओलांडते तेव्हा गाडीची लांबी पण मिळवायची, एवढं लक्षात ठेवा, बाकी काही नाही त्यात.

सरासरी वेग मात्र मला ग्राउंडवर कळला. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदात मारायचे म्हणजे 400 चा प्रत्येक राउंड साडेसत्याहत्तर सेकंदात. मी पहिला राउंड 70 ला काढायचो, मग दम तुटायचा, पुढचे 80, 86, 90. एकूण 326, म्हणजे 16 सेकंद जास्त. पहिल्या राउंडला वाचवलेलं सगळं शेवटी व्याजासकट गेलं. म्हणूनच जाताना 40 नि येताना 60 चा वेग असला तर सरासरी 50 नाही, 48 येते, कारण हळू जाण्यात वेळ जास्त जातो. 120 किमी धरून करून बघा, 3 तास नि 2 तास, 240 भागिले 5.

आता ट्रेनमध्ये खिडकी मिळाली की मी किमीच्या पाट्या बघून मोबाईलवर सेकंद मोजत बसतो, 1 किमीला 40 सेकंद लागले तर 3600 भागिले 40, ताशी 90. शेजारचे विचित्र बघतात, बघू देत.