शिकारीच्या जुन्या कॅसेटी परदेशी मित्राला कशा दाखवाल?

पेनसिल्व्हेनियात आमच्या शेजारच्या आजोबांकडे हरणांच्या शिकारीच्या अकरा व्हीएचएस कॅसेटी आहेत, आणि त्यांचा जुना शिकारी दोस्त आहे न्यूझीलंडला. पहिली कॅसेट त्यांनी तशीच पोस्टाने धाडली. तिकडच्या व्हीसीआरमध्ये ती बसली, पण पडद्यावर नुसत्या पट्ट्या. कॅसेट दोन्हीकडे सारखीच दिसते, फरक रेकॉर्डिंगमध्ये असतो. अमेरिकेत रेकॉर्डिंगची पद्धत एनटीएससी: चित्रात 525 आडव्या रेषा, सेकंदाला 29.97 चित्रं. न्यूझीलंडला, आपल्या भारतासारखंच, पाल: 625 रेषा, 25 चित्रं.

म्हणून कॅसेट नको, फाइल पाठवा. आधी कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. हे आधी कराच, त्या चित्रणाची दुसरी प्रत नसते. मग टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा. अमेरिकेतल्याच व्हीसीआरवर ती लावा, पिवळी, लाल, पांढरी वायर यूएसबी कॅप्चरला (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर घेणाऱ्या छोट्या यंत्राला) जोडा आणि सेटिंग एनटीएससीच ठेवा.

25 चित्रांत बदलायच्या फंदात पडू नका, धावतं हरीण अडखळत पळताना दिसतं. त्याऐवजी डीइंटरलेस करताना, म्हणजे प्रत्येक चित्रात एकाआड एक रेषांनी गुंफलेली दोन अर्धी चित्रं सुटी करताना, सेकंदाला 59.94 चित्रं ठेवा. शिंगांच्या कडांवरचे कंगव्यासारखे दाते जातात आणि उडी सलग दिसते. आकार 640 बाय 480, फाइल एमपी4. आजचे फोन, टीव्ही ती कुठेही चालवतात.

मूळ कॅसेट मात्र टाकू नका.