बायांना एका गायिकेची गोष्ट कशी सांगावी

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात मी वाचनालय सांभाळते. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की बचत गटाच्या बाया समाजमंदिरात जमतात आणि मी त्यांना एखाद्या बाईचं आयुष्य सांगते. यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत डोलोरेस होप या अमेरिकन गायिकेची गोष्ट सांगितली. तुम्हालाही आपल्या गावात सांगता यावी, म्हणून तयारी कशी करायची ते लिहिते.

नवऱ्यापासून सुरुवात करू नका. आधी एका गावी मी तीच चूक केली होती. बॉब होप हा अमेरिकेचा केवढा मोठा विनोदी कलावंत, रणभूमीवर जाऊन सैनिकांना कसा हसवायचा, यातच अर्धा तास गेला. शेवटी बायांनी जे विचारलं ते त्याच्याबद्दलच. ती रुखरुख मला कितीतरी दिवस होती. आता पहिलंच वाक्य असं असतं : "१९०९ साली न्यूयॉर्कात एक पोरगी जन्मली, तिचं माहेरचं नाव डोलोरेस डिफिना." मग तिचं गाणं. डोलोरेस रीड या नावानं ती क्लबात गायची, म्हणजे लोक जेवायला-बसायला येतात आणि समोर गाणं चालतं अशा ठिकाणी. १९३३ साली तिथंच बॉबनं तिला ऐकलं, पुढं लग्न झालं. आधी तिचा आवाज, मग तो. हा क्रम मोडू नका.

सालं फार सांगू नका, वय सांगा. "८१ व्या वर्षी सौदी अरेबियात सैनिकांसमोर गायली" म्हटलं की सगळ्यांची नजर खांबाला टेकून बसलेल्या आजीकडे जाते. १९९० चा नाताळ होता. त्या देशाच्या रितीमुळे सोबतच्या इतर कलावंत बायांना तिथं गाता आलं नाही, हिला परवानगी मिळाली. ८३ व्या वर्षी तिनं स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम केला. १०२ वर्षं जगली.

चार लेकरं दत्तक घेतली, हे सांगताना जपा. आमच्यात लेकरू नसलेल्या दोघी बसतात. त्या वाक्याला त्यांच्याकडे वळून पाहू नका, आवाजही हळवा करू नका. चार लेकरं वाढवली, एवढं सरळ सांगा.

जमिनीपाशी मात्र थांबा. कॅलिफोर्नियात रँचो मिराज नावाच्या वाळवंटी गावात होप नवरा-बायकोनं दवाखान्यासाठी ८० एकर जागा दिली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाचा तो दवाखाना १९७१ साली सुरू झाला आणि डोलोरेसनं कितीतरी वर्षं त्याच्या विश्वस्त मंडळाचं काम पुढं राहून पाहिलं. "८० एकर" म्हटलं की मी गप्प बसते. पाच एकर कोरडवाहूवर संसार ओढणाऱ्या बायांना तो आकडा समजावून सांगावा लागत नाही. पुढून आवाज आला, "बाप्पा! एवढं वावर देऊन टाकलं?" तिथंच सेवाग्रामचा विषय काढा. कस्तुरबा रुग्णालयात आपल्या किती जणी बाळंत झाल्या ते विचारा आणि तो दवाखाना १९४५ साली डॉ. सुशीला नायर यांनी उभा केला हेही सांगा. दवाखान्यामागंही कुणी बाई असते, हे मग जवळचं वाटतं.

एक प्रश्न हमखास येतो. आमच्याकडे एकीनं विचारलं, "इतकं चांगलं गात होती त मंग मधात गानं कमी काहून केलं तिनं?" तिच्या मनातलं कारण आपण रचू नये. लेकरं होती, घर होतं, दवाखान्याचं काम होतं, नवऱ्याच्या दौऱ्यांत अधूनमधून गायची, एवढंच सांगा आणि थांबा. शांतता झाली तर होऊ द्या. त्या रात्री ती बाईच मग म्हणाली, "मी बी माहेरी भुलाबाईची सारी गानी म्हनत होती. इथं आली अन् राहूनच गेलं." तिला म्हणायला लावलं. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला, तिनं पदर तोंडाला लावला. मागच्या दोघींनी ओळ उचलली, तशी ती पुन्हा गाऊ लागली.

म्हणून जवळ वही ठेवाच. गाण्याचे शब्द त्याच रात्री उतरवून घ्या, सकाळी वेचणीला गेल्यावर कुणाला वेळ नसतो. वर गाणारीचं नाव लिहा. आधी माहेरचं, मग सासरचं.