गोठा, खुराडं आणि मुलं: सकाळच्या कामांत या चुका टाळा

मूल गोठ्यात यायला लागलं की सुरुवातीला काम कमी होत नाही, वाढतंच. पाणी सांडतं, कडी उघडी राहते, एखादी कोंबडी बाहेर निसटते. मग आपण म्हणतो, "याचं लक्षच नसतं." मीही म्हणायचे. पण दोन मुलांबरोबर इतक्या सकाळी काढल्यावर माझं मत बदललं. बहुतेक वेळा चूक आपल्या सांगण्यात असते, किंवा कामांच्या क्रमात.

"जरा मदत कर" एवढंच सांगणं

यातून मुलाला काहीच कळत नाही. एकच काम द्या, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्याचं. उदाहरणार्थ, कोंबड्यांचं पाणी. कालचं पाणी ओतायचं, भांडं घासायचं, ताजं भरायचं आणि एखादी कोंबडी येऊन चोच बुडवेपर्यंत तिथेच थांबायचं. ती प्यायली की काम झालं. हे शेवटचं थांबणं फार मोलाचं आहे, कारण भांडं कलंडलेलं किंवा गळकं असेल तर ते तेव्हाच दिसतं. अंड्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. त्यामुळे अंडी अचानक कमी झाली तर खाद्य बदलण्याआधी पाण्याचं भांडं बघा.

पाणी रोज वाटेतच सांडत असेल तर बादली बदला. 10 लिटर पाणी म्हणजे 10 किलो ओझं. सहा वर्षांच्या मुलाला दोन लिटरचा डबा द्या आणि चार खेपा करू द्या.

खुराकाचा डबा मुलाच्या भरवशावर ठेवणं

हे मी कळकळीने सांगते. आमच्याकडे एकदा धान्याच्या पिंपाचं झाकण नीट लागलं नव्हतं आणि एक शेळी सुटी होती. तिने किती खाल्लं ते कळलंच नाही. शेळी असो की गाय, एकदम भरपूर धान्य पोटात गेलं तर आम्ल वाढतं आणि जनावर दगावू शकतं. पोट फुगणं, दात खाणं, पातळ हगवण ही लक्षणं काही तासांनी दिसतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा. आमची शेळी वाचली ती फोन लवकर केल्यामुळे.

तेव्हापासून पिंप कडी-कोयंड्याच्या खोलीत असतं. खुराक मोठं माणूस मोजून काढतं, मूल फक्त तो जनावरापुढे ठेवतं. प्रेमाने एक ओंजळ जास्त टाकायची नाही, हेही मुलाला कारणासकट सांगा. कारण कळलं की मुलं नियम आपल्यापेक्षा काटेकोर पाळतात.

धारेच्या वेळी गडबड

दूध एकाएकी कमी झालं की आपल्याला आधी आजाराची शंका येते. आधी विचारा, आज वेगळं काय झालं? कासेला हात लागला, ती धुतली-पुसली की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं आणि साधारण मिनिटाभरात पान्हा फुटतो. त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो. तेवढ्यात बादली आदळली, मूल ओरडत धावलं, कुत्रं आत शिरलं, तर भीतीने अॅड्रेनालिन हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि गाय पान्हा चोरते. तिच्यावर चिडून उपयोग नाही. गोठा शांत होऊ द्या, कास पुन्हा हळुवार चोळा.

मुलाला धारेपासून हाकलूही नका, त्याला दोन कामं द्या. पहिल्या दोन-तीन धारा गडद रंगाच्या वाटीत काढायच्या आणि ती वाटी त्याने निरखायची. गुठळ्या, तंतू किंवा पाण्यासारखं दूध दिसलं तर तुम्हाला सांगायचं. त्यासोबत कास गरम किंवा कडक लागली तर कासदाह, म्हणजे कासेची सूज, असू शकतो, डॉक्टरांना बोलवा. दुसरं काम, धार संपताच वैरण टाकणं. धारेनंतर साधारण अर्धा तास सडांची तोंडं नीट मिटलेली नसतात. गाय खात उभी राहिली तर सड शेणामुताला लागत नाहीत.

मागून जाणं, दावं हाताला गुंडाळणं

गाईला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट मागचं दिसत नाही. मुलाने बाजूने, बोलत बोलत जवळ जायचं. दावं मनगटाला कधीही गुंडाळायचं नाही, कारण जनावर बुजलं तर मूल फरफटत जातं. या नियमाला आमच्याकडे सूट नाही. नुकती व्यालेली गाय किंवा शेळी शांत स्वभावाची असली तरी तिच्या पिलाजवळ मुलाला एकटं पाठवू नका.

हात शेवटी एकदाच धुणं

वासरू हगवणीने आजारी असेल तर त्याच्याकडून माणसालाही जंतुसंसर्ग होतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तो जास्त त्रास देतो. निरोगी पिलं आधी, मोठी जनावरं नंतर आणि आजारी सगळ्यांत शेवटी हा क्रम ठेवा. आजाऱ्याकडे मुलांनी जायचं नाही. तोंडात काही घालण्याआधी साबणाने हात धुवायचे. गोठ्यातले बूट दाराबाहेर.

मूल उठलं नाही म्हणून जनावराला ताटकळत ठेवणं

"राहू दे उपाशी, म्हणजे कळेल त्याला," असं म्हणू नका. ते काम तुम्ही वेळेवर करा आणि मुलाशी संध्याकाळी बोला. रोज उशीर होत असेल तर काम संध्याकाळचं द्या, तेही तेवढंच खरं काम असतं.

आणि घरात परतताना रोज एक प्रश्न विचारा, "आज कोण वेगळं वाटलं?" कोण पुढे आलं नाही, कुणाचे कान पडलेत, कोण रवंथ करत नाही, हे मुलांना चटकन दिसतं. आमच्या धाकटीने एकदा सांगितलं, "ती काळी आज माझ्याकडे आलीच नाही." परत जाऊन बघितलं तर तिची डावी कूस फुगलेली होती, म्हणजे पोटफुगी.