खेळाडूचा उत्साह मावळला की सराव वाढवू नका: प्रशिक्षकांनी टाळाव्यात अशा चुका

खेळाडूचे सरावातून मन उडाले की बहुतेक प्रशिक्षक ते आळसाच्या खात्यावर टाकतात आणि दुसऱ्याच दिवशी जोशपूर्ण भाषण व जादा फेऱ्या सुरू करतात. आठशे मीटर धावणारा एक मुलगा ‘मनच लागत नाही’ असा शिक्का घेऊन माझ्याकडे आला होता आणि शिक्षा म्हणून त्याच्या माथी संध्याकाळचाही सराव मारलेला होता. त्याची नोंदवही चाळली, तेव्हा पहाटेची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वाढलेली, झोप मध्यरात्रीनंतर मोडणारी, आणि पूर्वी दहापैकी सहा इतक्या जड वाटणाऱ्या चारशे मीटरच्या फेऱ्या त्याच वेगाला नऊवर गेलेल्या दिसल्या. शिवाय त्याच पानांवर परीक्षेच्या तारखा होत्या. वैद्यकीय तपासणीत रक्तातील लोह व थायरॉइड ठीक निघाल्यावर मी वेगवान फेऱ्या पूर्ण बंद केल्या आणि काही आठवड्यांनी त्यानेच घड्याळ लावून धावण्याची परवानगी मागितली. नुसत्या नाडीवर मात्र विसंबू नये, कारण ती उन्हाने आणि तापानेही वाढते; चिडचिड आणि नकोसेपणा अनेकदा तिच्याआधी दिसतात.

प्रेरणा जितकी जास्त तितके चांगले, हा दुसरा गैरसमज. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांताप्रमाणे प्रेरणा कोठून येते हेही तितकेच महत्त्वाचे असते. संघातली जागा जाईल, घरचे बोलतील, या धास्तीने धावणाऱ्याला विश्रांतीच्या दिवशी अपराधी वाटते आणि दुखणे लपवण्याची सवय लागते. म्हणून आठवड्यातला एक सराव आणि सुट्टीचा वार मी खेळाडूलाच ठरवू देतो. उतावळे नवखे सुट्टीचा वार ठरवायचेच टाळतात. तेव्हा तो मी ठरवतो.

केवळ मैदानावरचा भार मोजणे हीही चूकच, कारण नोकरी, अभ्यास आणि घरातली भांडणे त्याच शरीराच्या सावरण्याच्या क्षमतेतून वाटा घेतात. केलमन आणि कॅलस यांची ताण व पुनर्प्राप्तीची प्रश्नावली म्हणूनच खेळाबाहेरच्या गोष्टीही विचारते. मी झोप, मूड आणि सरावाची ओढ एवढेच विचारतो, तेही सराव सुरू होण्याआधी. भारासाठी व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांचा हिशोब पुरतो, म्हणजे सरावाची मिनिटे गुणिले दहापैकी वाटलेला जडपणा: साठ मिनिटांचा सराव सात इतका जड वाटला, तर भार ४२०.

झोपेऐवजी बर्फाचे स्नान आणि पूरक पावडरी यांवर भिस्त ठेवणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.

उत्साह परतताच बुडालेला सराव भरून काढण्याची घाई हा घोटाळा तर हमखास होतो. अशा वेळी मी आधी हलक्या धावण्याची मिनिटे वाढवतो, वेगाला सर्वांत शेवटी हात लावतो आणि ‘आता मी एकदम ठणठणीत आहे’ हे वाक्य कानांवर आले, तरी त्या आठवड्याचा तक्ता बदलत नाही.