कारल्याचा रस आणि एआय: व्हायरल लेख तपासायचा कसा?

मावशीनं परवा फॅमिली ग्रुपवर लेख टाकला: 'कारल्याच्या रसाने मधुमेह कायमचा बरा, अमेरिकेतील विद्यापीठाचे संशोधन'. खाली हात जोडलेल्यांची रांग. तिनं गोळ्या बंद करायच्या आत लेख तपासणं भाग होतं, म्हणून एआयला हाताशी घेतलं.

आधी मजकूर द्या. नुसती लिंक दिली आणि एआयला ते पान उघडता आलं नाही, तर कधी कधी तो शीर्षकावरूनच अंदाज ठोकतो. अख्खा लेख कॉपी करून टाका, लेखकाचं नाव आणि तारखेसकट.

मग प्रश्न. 'हे खरं आहे का?' असं विचारू नका, गुळमुळीत उत्तर येतं. 'हे थोतांडच आहे ना?' असं तर मुळीच नको. विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळायची एआयला खोड आहे. मी असं लिहिलं: 'या लेखातले तपासता येतील असे दावे एकेक करून वेगळे काढ. प्रत्येकापुढे लेखात दिलेला आधार लिही. नसेल तर "आधार नाही" एवढंच लिही.' सात दावे निघाले. सहांपुढे 'आधार नाही'. सातव्यापुढे 'अमेरिकेतील एक विद्यापीठ'. कुठलं, कोणी, कधी, काही नाही. अर्धं काम इथंच झालं.

आता वेब सर्च चालू करून पुढचा प्रश्न: 'हा दावा माणसांवर तपासलाय का? उंदरांवरचे अभ्यास वेगळे दाखव, लिंक दे.' आरोग्याच्या लेखांत हा प्रश्न विसरू नका. उंदरांवरचा प्रयोग बातमीत येईतो माणसांचा होतो. शोधात कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०१२ चा आढावा मिळाला: टाइप २ मधुमेहासाठी कारल्याची शिफारस करायला पुरेसा पुरावा नाही. एआयनं त्याचं 'कारल्याचा उपयोग होत नाही' करून टाकलं होतं. दोन्हींत फरक आहे, आणि तो मूळ पान वाचल्यावरच दिसला.

म्हणून प्रत्येक लिंक स्वतः उघडा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले. ५,००० डॉलर दंड झाला. अभ्यासाचं नाव सर्चमध्ये टाकून सापडलं नाही, तर तो दाखला धरू नका.

'लेख एआयनं लिहिलाय का' हे सांगणाऱ्या टूल्सच्या नादी मी लागत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं टूल अचूकता कमी म्हणून २०२३ मध्येच बंद केलं. शिवाय थापा माणूसही लिहितोच की!

मावशीला ग्रुपवर नाही, फोनवर सांगितलं. म्हणाली, "एवढं कडू आहे, गुण असणारच." गोळ्या चालू आहेत. रसही चालू आहे, पण डॉक्टरांना विचारून. मधुमेहाच्या गोळ्यांवर कारल्याचा रस घेतला तर साखर फार खाली जाऊ शकते, हे त्याच शोधात कळलं.